पाठमोरं जेवण

हरणाबाई जेवायला बसली की भिंतीकडं तोंड करून बसायची. वस्तीवरच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं आणि प्रत्येकीनं आपापल्या परीनं त्याचा अर्थ लावला होता. कुणी म्हणे, म्हातारीचे दात गेले, तिला लाज वाटते. कुणी म्हणे, नवऱ्यामागं तिनं काहीतरी नेम धरलाय. धोंडुबाई तिची चुलतजाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. ती म्हणायची, "सुनंचं तोंड बगाय नको म्हणून भिंत बगती ती." हे शेवटचं फिरत फिरत मालनच्या, म्हणजे सुनेच्या कानावर गेलं होतं. आणि मालनला तेच खरं वाटत होतं.

आटपाडीपासून आठ किलोमीटरवर, माळाच्या कडेला त्यांचं घर. तीन खोल्यांचं, स्लॅबचं, पुढं पोर्च असलेलं. टेंभू योजनेचं पाणी आल्यावर तिच्या मुलानं, बिराप्पानं डाळिंब लावलं आणि डाळिंबानं हे घर बांधलं. घरापासून वीस पावलांवर जुनं खोपट होतं. पूर्वी त्यात कोकरं ठेवत. आता एका अंगाला उरलेली सात मेंढरं आणि दुसऱ्या अंगाला हरणाबाई. तीन दगडांची चूल, दोन भांडी, एक घोंगडं, पत्र्याची पेटी. तीन वर्षं झाली, ती तिथंच शिजवत होती आणि तिथंच खात होती.

एके काळी हरणाबाईचं जेवण बघण्यासारखं असायचं. दीडशे मेंढरांचा कळप घेऊन दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा फिरता तळ, निघायचा. विटा, कऱ्हाड, पाटण करत पार कोयनानगरच्या घाटाखाली जायचा आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचा. घोड्यावर संसार आणि घोड्यामागं बायका. दिवसभर चालून कुणाच्या तरी मोकळ्या रानात उतरायचं, तीन दगड मांडायचे, भाकरी थापायच्या. पुरुष जेवून मेंढरांकडं गेले की बायका गोल करून बसायच्या. त्या गोलात हरणाबाई चार भाकऱ्या खायची, वर हुलग्याचं माडगं प्यायची, आणि दुसरीच्या ताटातला कांदा उचलून तिसरीची नक्कल करून दाखवायची. तिचा नवरा आकाराम लांबून ओरडायचा, "हरणे, घोड्याला ठेव थोडं." ती पाचवी भाकरी मोडायची आणि त्याला दाखवून खायची.

आणखी एका गोष्टीत तिचं नाव होतं. ओल्या गवतावर किंवा कोवळ्या मक्यावर मेंढरू तुटून पडलं की त्याचं पोट फुगतं. चारा आत आंबतो, वारा धरतो, आणि ढेकर आला नाही तर तासाभरात जनावर जातं. अशा वेळी हाक हरणाबाईला यायची. ती दोन बोटांनी मेंढराच्या डाव्या कुशीवर टिचकी मारायची. ढोलासारखा आवाज आला की गोडेतेल पाजायची, पुढचे पाय चढावर ठेवून त्याला उभं करायची आणि कडुलिंबाची काडी तोंडात आडवी बांधायची. काडी चघळता चघळता कधीतरी घशातून तो आवाज यायचा. मेंढरानं ढेकर दिला की हरणाबाई माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलायची. "आला व्हय गं? मग आदीच द्यायचा की."

आकाराम गेला त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या पुढल्या वर्षी हरणाबाईला पहिल्यांदा जाणवलं, की वैरण कापायला वाकलं की घशाशी आंबट पाणी येतंय. मग भाकरीचा घास छातीच्या हाडामागं थांबायला लागला. थांबायचा, वाट बघायला लावायचा, आणि कधी खाली जायचा, कधी जसाच्या तसा परत तोंडात यायचा. उलटी नव्हे. ना मळमळ, ना काही. गेलेला पाहुणा विसरलेली पिशवी न्यायला परत यावा तसा घास परत यायचा. जेवण झालं की छातीत गुडगुड वाजायचं. आडवं झोपलं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ती घोंगड्याची वळकटी पाठीशी घेऊन बसूनच डोळा लावायची.

गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. नंतर रक्त कमी निघालं, म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. एकदा छातीला वायरी लावून कागद काढला, तो चांगला आला. "वय झालं आजी," ते म्हणाले. हरणाबाईनं एकदा धोंडुबाईला सांगून बघितलं, "माजं पोट वर सरकलंय बग. छातीत वाजतंय." धोंडुबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. "मग हुरदं कुटं गेलंय? बाजाराला?" त्यानंतर हरणाबाईनं हा विषय कुणाशी काढला नाही. ती तेवढी भिंतीकडं वळून बसायला लागली. घास परत आला तर पदरात घेता यायचा, आणि कुणाला दिसायचं नाही.

हे असं निभून गेलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी नात प्रांजलचा साखरपुडा झाला. माण तालुक्यातून मालनच्या माहेरचे सगळे आले. मालन पहाटेपासून मटणाच्या पातेल्याशी होती. आपल्या माणसांपुढं आपला हात दाखवायचा तिचा तो एकच दिवस. हरणाबाईला मानानं मधे बसवलं, मालनच्या आईशेजारी. मधे बसलेल्या बाईला भिंत कुठली? दोन घास गेले. तिसरा परत आला. तिनं पदर तोंडाला लावला, तेवढ्यात ओळीतल्या सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"इहीणबाईस्नी सोसलं न्हाई वाटतं," मालनची आई हळूच म्हणाली.

वाढता वाढता मालन थांबली. हातात पळी तशीच. "आत्तीस्नी माज्या हातचं कवाच सोसलं न्हाई," ती म्हणाली.

हरणाबाईच्या तोंडात घास होता. तिला बोलता आलं नाही. तोंड मोकळं झालं तोवर बोलणं दुसऱ्याच कशावर गेलं होतं, आणि तिचं उत्तर आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खोपटात तीन दगड मांडले. बिराप्पानं विचारलं, "आय, ह्ये काय?" ती म्हणाली, "मला कमी तिकटाचं लागतंय." बिराप्पा खोदून विचारणाऱ्यातला नव्हता. गळतंय म्हणून त्यानं खोपटावर दोन नवे पत्रे टाकले. आईच्या सोयीसाठीच टाकले. पण पत्रे ठोकल्याचा आवाज मालन स्वयंपाकघरात बसून ऐकत होती, आणि आपल्या नवऱ्यानं कुणाची बाजू घेतली हे तिनं त्या आवाजावरून ठरवून टाकलं.

तेव्हापासून दोघींच्या बोलण्याला भांडणसुद्धा म्हणता येत नव्हतं. "दूध ठेवलंय." "बरं." "लाईट गेल्याली." "व्हय." सणाला मालन झाकलेलं ताट खोपटाच्या दाराशी ठेवायची आणि माघारी वळायची. संध्याकाळी हरणाबाई ते घासून पोर्चच्या पायरीवर ठेवायची. ताटातलं बरंचसं मेंढरांच्या पोटात गेलेलं असायचं. मालनला हेही ठाऊक होतं, कारण मेंढरांच्या तोंडाला पुरण लागलेलं तिनं स्वतः बघितलं होतं.

या वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला सकाळी नेहमीप्रमाणे मेंढरं पुजली. शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यावर नव्या बोळक्यात दूध उतू घालायचं, हा त्यांच्यातला रिवाज. उतू घालण्याचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. ज्या अंगाला दूध सांडेल त्या अंगाला यंदा चारा चांगला, असं पूर्वी म्हणत आणि वाडा त्या दिशेला निघायचा. आता वाडाच निघत नव्हता. सात मेंढरांना गेरू लावला, हळद लावली. दूध वर आलं आणि पश्चिमेच्या अंगाला सांडलं. नातू राजवर्धन पुण्याहून सुट्टीला आला होता, त्यानं त्याचा फोनवर व्हिडिओ काढला.

मालन मागं उभी होती. ती एकदम म्हणाली, "आत्ती, आज आमच्यात बसा जेवाय. राजवर्धन आलाय."

हरणाबाईनं तिच्याकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सुनेनं ताट आणलं नव्हतं, माणसाला बोलावलं होतं. गोवऱ्यांच्या धुरात उभ्या उभ्याच म्हातारीनं मनाशी ठरवलं. आज भिंत नाही. आज ताटात शीत ठेवायचं नाही. जाईल त्याला जाऊ दे, राहील त्याला राहू दे, पण मालनच्या हातचं सगळं खायचं आणि तिच्या तोंडाकडं बघून खायचं.

दुपारी बिराप्पा, राजवर्धन आणि हरणाबाई ओळीनं बसले. मालननं शेवया वाढल्या, त्यावर गूळ-दूध. भात, कटाची आमटी, भजी, दोन पोळ्या. हरणाबाईनं हळूहळू खायला घेतलं. घास गेला. दुसरा गेला. प्रत्येक घासाला ती आतून कानोसा घेत होती, पण काही परत येईना. मालन पुन्हा शेवयाचं पातेलं घेऊन आली.

"वाढू का आणि? का सोसायचं न्हाई?" विचारण्यात टोचणी होती, पण थोडी आशाही होती.

"वाढ," हरणाबाई म्हणाली.

"आजी फॉर्मात हाय आज," राजवर्धन म्हणाला.

तिनं ताट पुसून खाल्लं. मालनच्या कपाळावरची शीर सैल पडलेली तिनं बघितली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला वाटलं, की आता एखाद्या दिवशी तोंडाकडं बघत चार गोष्टी बोलता येतील. ती हात धुवायला उठली. आणि त्याच वेळी बरगड्यांच्या आत, डाव्या अंगाला, कुणीतरी ओलं फडकं पिळावं तसा एक पीळ पडला.

 या घरात, या दिवशी पुन्हा पदर तोंडाला लावायचा नव्हता. ती चालत बाहेर पडली, पोर्चमधून उतरली, वीस पावलं गेली आणि खोपटात शिरून तिनं दाराचं फळकूट ओढून घेतलं.

मालननं खिडकीतून तिची पाठ बघितली.

खोपटात हरणाबाईला उलटीचे उमाळ्यावर उमाळे यायला लागले. पोटातून सगळं वर ढकललं जातंय असं वाटायचं, आणि तोंडातून थुंकीशिवाय काही पडायचं नाही. डाव्या छातीत ताण वाढत होता. श्वास अर्ध्यातच अडत होता. तिनं छातीवर टिचकी मारली. आवाज तिनं ताबडतोब ओळखला. आयुष्यभर तिनं तो ऐकला होता, फक्त दुसऱ्याच्या कुशीत.

मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. गोडेतेलाची बाटली काढली आणि दोन घोट घेतले. तेल तिथवर गेलं आणि भिंतीला धडकल्यासारखं परत आलं. तिनं गव्हाणीवर दोन्ही हात टेकले, पाय खाली, छाती वर. झाडणीतली लिंबाची काडी मोडून दातांत आडवी धरली. सात मेंढरं गेरू लावलेल्या पाठींनी एका कोपऱ्यात सरकून तिच्याकडं बघत उभी राहिली. ढेकराची वाट बघत ती काडी चावत राहिली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. ढेकर न देणाऱ्या मेंढराचं काय होतं, ते मात्र तिला कळत होतं.

फळकूट ढकलून मालन आत आली ती भांडायच्या तयारीनंच. "झालं का समाधान? एक दिवस बसला आमच्यात, तर हात धुवून सुदिक थांबला न्हाई. माणसानं किती..."

ती थांबली. गव्हाणीवर वाकलेली सासू, तोंडात काडी, कपाळावर घाम, खाली सांडलेलं तेल. मालनही मेंढरांच्याच घरची लेक होती. तिनं आत्तीला त्या अवस्थेत बघितलं, आणि आपण काय बघतोय हे तिला कळायला एक क्षण लागला.

"आत्ती, काय हुतंय?"

हरणाबाईनं काडी काढली. "ढेकर येत न्हाई."

"उलटी?"

"उमाळं येत्यात. पडत कायच न्हाई. त्याल पाजलं, त्ये बी माघारी आलं."

मालननं पुढं होऊन तिच्या पोटावर हात ठेवला. पोट सपाट होतं, खपाटीला गेलेलं. दोन वेळा शेवया खाल्लेल्या माणसाचं ते पोट नव्हतं. तिचा हात वर सरकत गेला. डाव्या बरगड्यांवर तिनं दोन बोटांनी टिचकी मारली. मग पुन्हा मारली. बोटं तिथंच राहिली.

"आत्ती, ह्ये तर हितं हाय. वर."

"धा वर्सं वरच हाय," हरणाबाई म्हणाली.

बिराप्पानं डाळिंबाची पिकअप काढली. आटपाडीत एका दवाखान्यात डॉक्टर सणाचे कपडे घालून बाहेरच निघाले होते. त्यांनी छातीला वायरी लावल्या. "हार्ट अटॅक वाटत नाही," ते म्हणाले, "पण श्वास बरोबर नाही. मला इथं ठेवायचं नाही. मिरजेला न्या, आत्ताच." त्यांनी रुग्णवाहिका मागवून दिली.

रुग्णवाहिकेतला माणूस हरणाबाईला आडवं करायला बघत होता. मालन म्हणाली, "आडवं करू नगा. त्यास्नी बसूनच ऱ्हावं लागतंय." आपण हे कशावरून म्हणालो, ते तिला तेव्हाच आठवलं. रात्री कधी बाहेर आलं की खोपटाच्या फटीतून म्हातारी वळकटीला टेकून बसलेली दिसायची. मालनला वाटायचं, पाळत ठेवून बसती. ती स्ट्रेचरवर चढली, सासूच्या मागं बसली आणि तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली. भिवघाट गेला, तासगाव गेलं. एवढा वेळ कुणी आपल्याला धरून बसलंय, हे हरणाबाईला आकारामनंतर पहिल्यांदाच होत होतं. तिला वळून बघता येत नव्हतं. पाठीला फक्त सुनेचा श्वास लागत होता आणि ती आपला श्वास त्याच्याबरोबर चालवायला बघत होती.

मिरजेत दिवे लागायच्या वेळेला एक्स-रे निघाला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरनं तो उजेडावर धरला. डाव्या छातीत मोठा काळा गोळा दिसत होता आणि हृदय एका अंगाला ढकललेलं होतं. "डावं फुप्फुस बसलंय," तो घाईत म्हणाला. "बाहेर हवा साठलीय. बरगड्यांतून नळी घालून हवा काढावी लागेल. लगेच." परिचारिका साहित्याचा ट्रे घेऊन आली.

"नळी कुटं घालताय?" मालननं विचारलं.

"छातीत."

"आवं डॉक्टर, त्ये फुप्फुस न्हाई. त्यांचं प्वाट हाय त्ये. वाजवून बगा की."

"ताई, तुम्ही बाहेर थांबा."

"मी न्हाई थांबत भाईर. मी मेंढरामागची बाई हाय. फुगल्यालं प्वाट मला कळतंय."

तेवढ्यात मोठ्या सर्जनबाई आल्या, जरीच्या काठाच्या साडीवरच पांढरा कोट चढवलेल्या. त्यांनी एक्स-रे हातात घेतला आणि वरपासून खालपर्यंत निरखला. काळ्या गोळ्याच्या तळाशी एक सरळ आडवी रेघ होती, भांड्यात पाणी असावं तशी. त्यांनी मालनकडं वळून विचारलं, "यांचं जेवण कसं आहे? घास अडकतो? परत येतो? किती वर्षांपासून?"

मालननं तोंड उघडलं. घरातली सून, रोज वीस पावलांवर. खोलीतले सगळे तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "मी त्यास्नी तीन वर्सं जेवताना बगितलंच न्हाई. आज बगितलं."

बिराप्पा भिंतीकडं बघायला लागला.

हरणाबाईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. एका श्वासाला दोन शब्द, असं करत तिनं सगळं सांगितलं. वाकल्यावर येणारं पाणी. थांबणारा घास. परत येणारा घास. छातीतली गुडगुड. बसून काढलेल्या रात्री. आजचे उमाळे, आणि न येणारा ढेकर. दहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं आणि आता तिला सांगायला श्वास नव्हता. बाईंनी छातीला नळकांडं लावून ऐकलं. मग ट्रेकडं बोट करून त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "हे राहू दे. ती नळी गेली असती तर जठरालाच भोक पडलं असतं. नाकातून घालू."

नाकातली नळी पहिल्यांदा अडली. दुसऱ्यांदा अडली. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः घेतली, हरणाबाईला बसतं केलं, मान पुढं वाकवली आणि थोडं थोडं सरकवत नेली. एकदम नळीतून सूं करून वारा सुटला. मागोमाग पिशवीत दूध-गूळ आणि गोडेतेल उतरायला लागलं. हरणाबाईच्या छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं, आणि नळीच्या कडेनं, घशातून, तो आवाज आला. मोठा, लांबलेला.

"आला," मालन म्हणाली.

"काय आला?" बिराप्पानं विचारलं. त्याला कुणी सांगितलं नाही.

नंतर बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामधे एक पडदा असतो. अन्ननलिका खाली यायला त्याला भोक असतं. वयानं काहींचं ते भोक सैल पडतं आणि जठर वर सरकायला लागतं. त्याला हर्निया म्हणतात. बहुतेकांना त्यात नुसती जळजळ होते आणि गोळ्यांवर निभतं. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं अख्खं जठर छातीत जाऊन बसतं, आणि एखाद्या दिवशी तिथंच त्याला पीळ पडतो. "असं फार कमी बघायला मिळतं. उशीर झाला असता तर जठर काळं पडून छातीतच फुटलं असतं. पोटभर जेवल्या होत्या का आज?"

"व्हय," मालन म्हणाली. "मी वाढलं."

ऑपरेशन झालं. जठर निळसर पडलं होतं, पण पीळ सोडवल्यावर त्याला रंग आला. ते खाली ओढून घेतलं, भोक शिवलं, आणि पुन्हा वर जाऊ नये म्हणून पोटाच्या भिंतीला टाके घालून बांधून टाकलं. बाईंनी हे सांगितल्यावर हरणाबाई बारीक आवाजात म्हणाली, "दावणीला बांधलं म्हना की." बाई हसल्या. मालन हसली नाही.

अकरा दिवस मालन तिथं राहिली. सहाव्या दिवशी, तांदळाची पेज चमच्यानं भरवता भरवता ती खाली बघून म्हणाली, "तवाच का सांगितलं न्हाई, आत्ती? साखरपुड्याला?"

हरणाबाईनं आठवून बघितलं. उत्तर इतकी वर्षं आत होतं, की आता ते बाहेर काढताना अगदी लहान निघालं.

"तोंडात घास हुता," ती म्हणाली.

मालननं चमचा वाटीत ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला.

कार्तिक सरायच्या आत हरणाबाई घरी आली. तिची पेटी आणि घोंगडं बिराप्पानं मधल्या खोलीत आणून ठेवलं होतं आणि खोपटातली चूल मोडून टाकली होती. आता ती आडवी झोपू शकत होती. पण सवय मोडेना, म्हणून वळकटी पाठीशीच राहिली. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं, असं बाईंनी लिहून दिलं होतं. घास आता सरळ खाली जायचा. घास न थांबता जातो म्हणजे कसं, ते तिला पुन्हा शिकावं लागत होतं.

पौषातल्या एका दुपारी तिला बरं वाटलं तेव्हा ती आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसली. भिंतीकडं पाठ करून. बिराप्पाचा डबा बागेत गेला होता. डाळिंबाची छाटणी सुरू होती, तो तिकडंच जेवायचा. राजवर्धन पुण्याला होता. प्रांजल तिच्या सासरी. मालन कट्ट्याशी उभ्या उभ्या, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खात होती.

"सगळी कवा बसत्यात जेवाय?" हरणाबाईनं विचारलं.

"सगळी?" मालननं घास गिळला. "एकत्र कोन बसतंय आत्ती आता. ज्यो त्यो त्याच्या येळंला. पाडव्याला बसल्याली, त्येवढंच."

हरणाबाई रिकाम्या फरशीकडं बघत राहिली. तीन वर्षं खोपटात बसून ती ज्या ओळीकडं पाठ करत होती, ती ओळ तिच्यामागं केव्हाच उठून गेली होती. वीस पावलांवरून तिला ते दिसलं नव्हतं.

मालननं तिच्यापुढं ताटली ठेवली. मऊ भात, मुगाचं वरण, वर थोडं तूप. मग हात पुसून ती समोर गुडघे उभे करून बसली.

"तू खा की."

"माजं झालं. तुमी जेवा. मी बगती बसून."

ती खरंच बघत होती. प्रत्येक घास ताटातून उठल्यापासून गळ्याखाली उतरेपर्यंत तिची नजर त्याच्यामागं जायची, फटीतून कोकरू निसटेल म्हणून वाघरीच्या जाळीपाशी बसलेल्या बाईसारखी. हरणाबाईनं दोन घास कसेबसे घेतले. तिसरा तोंडातच फिरायला लागला. दहा वर्षं तिला खाताना कुणी असं निरखून बघितलं नव्हतं. आता कुणीतरी बघत होतं आणि तिला गिळता येईना.

"मालन."

"काय? अडकलं का?"

"अडकलं न्हाई. तिकडं बग जरा."

 मालन उठली नाही, पण बसल्या जागी वळली आणि दाराकडं तोंड करून बसली. तिच्या पाठीवर दुपारचं ऊन आलं होतं. बाहेर गेरू उडालेली मेंढरं खोपटाच्या सावलीला उभी होती.

हरणाबाईनं घास गिळला. नेहमीप्रमाणे छातीवर हात ठेवून ती थांबली. तो परत यायची वाट बघितली. तो आला नाही. तिनं पुढचा घास घेतला.

"गेला?" पाठमोऱ्या मालननं विचारलं.

"गेला," ती म्हणाली.